झाकणापासून सावधान!

माझ्या हाताखालून शेकडो माणसं शिकून गेली आहेत, आणि प्रत्येकाची दहाच्या दहा बोटं आजही जागच्या जागी आहेत! ही फुशारकी नाही. पत्रे कापायच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. नवा कामगार आला की त्याचा पहिला दिवस माझा. मी त्याला असा काही घाबरवतो, की तो पुढे आयुष्यभर मशीनशी अहो-जाहो करत बोलतो! त्यामुळे सासूबाईंचा पियानो आमच्या घरी आला आणि भिंगरीला सुरुवात कोण करून देणार असा प्रश्न निघाला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी!"

बायको चहा पीत होती. तिला ठसका लागला.

"तू? तुला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही!"

"वाजवता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं. मला तरी कुठे पत्रा कापता येतो?"

खरं तर शिकवायचं तिनेच. पण ती सासूबाईंच्या हाताखाली पियानो शिकलेली. नुसतं स्टुलाचं नाव काढलं तरी तिच्या पाठीत कळ येते. "मी शिकवायला बसले की आईसारखी ओरडायला लागेन," ती म्हणाली, "त्यापेक्षा तूच बस. तू निदान ओरडत नाहीस. नुसता घाबरतोस."

हा शेवटचा टोमणा मी सोडून दिला. सुरक्षा अधिकाऱ्याला लोक घाबरट म्हणतातच. त्याची सवय होते.

भिंगरी म्हणजे आमची लेक. पहिलीत आहे. जन्मल्यापासून एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही, म्हणून हे नाव. पण पियानो घरात आला आणि ती चक्क त्याच्यासमोर मांडी घालून बसली! मग उठून तिने त्याच्या पायाला मिठी मारली. "बाबा, हा आपला? कायमचा?"

"कायमचा!" मी म्हणालो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांनी जन्मभर पियानो शिकवला, आता लहान घरात राहायला गेल्या, तिथे जागा नाही म्हणून तो आमच्याकडे.

"जावईबापू, पियानो म्हणजे कपाट नव्हे. वर फुलदाणी ठेवायला दिलेला नाही मी. महिनाअखेरच्या रविवारी येते. भिंगरीने दोन्ही हातांनी काहीतरी वाजवून दाखवलं तर तो तिचा. नाही तर धाकटीकडे पाठवते. तिची जुळी कधीची मागे लागलीत."

सासूबाई बोलतात तेव्हा मी फोनवरसुद्धा उभा राहतो. "हो आई" म्हणून खाली बसलो, तर भिंगरी पियानोखाली झोपलेली. एक हात त्याच्या पायावर. आणि मी 'कायमचा' म्हणून बसलो होतो ना!

पण मंडळी, तेवढ्यापुरती भीती असती तर मी ती पचवली असती. खरी भीती दुपारीच मनात शिरली होती. पियानो जिन्यावरून चढवताना हमालांनी तो जरा कलता केला, आणि पट्ट्यांवरचं ते लांबलचक, जाडजूड लाकडी झाकण धाडकन मिटलं! त्या आवाजाने जिना हादरला. हमाल हसले. मी हसलो नाही. मला त्या झाकणाखाली भिंगरीची बोटं दिसली. पत्रा कापायच्या मशीनचं पातं असंच येतं हो! फक्त त्याला निदान पिवळाजर्द रंग दिलेला असतो आणि शेजारी मी उभा असतो.

तेव्हा पहिला धडा कशाचा, हे उघड होतं.

"भिंगरी, पियानोला हात लावण्याआधी काय करायचं?"

"हात धुवायचे."

"चूक! आधी धोका ओळखायचा!"

मी कारखान्यातली काठी आणली होती. तिने एकेक जागा दाखवत गेलो. हे झाकण, यात बोटं चेंगरतात. हे स्टूल, यावरून माणूस मागच्या मागे पडतो. ही खालची पायपट्टी, हिच्यात चप्पल अडकते. आत पोलादी तारा आहेत, त्या इतक्या ताणलेल्या असतात की एखादी तुटली तर बघायलाच नको! आणि अख्खा पियानो अंगावर आला तर? विषयच संपला!

भिंगरीचे डोळे बशीएवढे झाले. मला वाटलं, वा! काय लक्ष देऊन ऐकते पोरगी! कारखान्यात निम्मे लोक जांभया देतात.

"बाबा, झाकण पडलं तर सगळी बोटं जातात, की थोडी उरतात?"

सुरक्षा अधिकारी खोटं बोलत नाही. "ते कुठे ठेवली आहेत यावर असतं," मी म्हणालो.

"आणि अंगठा?"

"अंगठा आखूड असतो. बहुतेक वाचेल."

त्यानंतर आणीबाणीत काय करायचं तेही शिकवलं. कुणी जखमी झालं की रडायचं नाही. बाहेरच्या भिंतीवरचं भोंग्याचं लाल बटण दाबायचं. सगळ्यांना खाली अंगणात न्यायचं, रांगेत उभं करायचं, मोजायचं. तिने ते मला घडाघडा म्हणून दाखवलं. मी खूश झालो. मग म्हणालो, "चल, आता ही मधली पांढरी पट्टी वाजव."

भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"भिंगरी, वाजव ना."

"अंगठ्यानेच वाजवते."

आणि खरंच! दुसऱ्या दिवशीही अंगठा, तिसऱ्या दिवशीही अंगठा. बाकीची बोटं मुठीत घट्ट मिटलेली. मी धीर द्यायला शेजारी उभा राहायचो. एक हात झाकणाखाली आडवा धरलेला, दुसरा तिच्या स्टुलामागे. "घाबरू नकोस हं! मी आहे! सांभाळ! हं, सांभाळ! डावीकडे सांभाळ!" ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि अंगठासुद्धा मागे घ्यायची. मला दरदरून घाम फुटायचा. झाकणामुळे की सासूबाईंमुळे, ते माझं मलाच कळेना.

मग मला कल्पना सुचली. कल्पना सुचली की मी कुणाला विचारत नाही, हा माझा दोष आहे. कारखान्यातून लहान मापाचे जाड हातमोजे आणले आणि एक हेल्मेट. म्हटलं, पोरीला सुरक्षित वाटलं की बोटं उघडतील. भिंगरीने आनंदाने सगळं चढवलं. बोटं उघडलीही! पण त्या मोज्यातल्या एका बोटाखाली तीन तीन पट्ट्या दबत होत्या. असा आवाज निघाला, की समोरच्या दंतवैद्यबाई दार उघडून विचारायला आल्या, "काही पडलं का हो?"

"नाही, रियाज चाललाय!"

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि हेल्मेट घातलेल्या भिंगरीकडे बघत मागच्या पावली परत गेल्या.

त्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. चित्रकलेच्या तासाला 'माझ्या घरातली आवडती वस्तू' असा विषय होता. भिंगरीने पियानो काढला होता. पियानोला वरखाली दात होते. दातांत बोटं होती. एका कोपऱ्यात हेल्मेट घातलेला माणूस रडत होता.

"हे कोण गं?" बाईंनी विचारलं होतं.

"बाबा."

बायको चित्र घेऊन घरी आली आणि ते माझ्यासमोर ठेवलं.

"अगं, मी फक्त तिला सावध केलं," मी म्हणालो.

"सावध? पोरगी वर्गात सांगतेय, आमचा पियानो बोटं खातो! चार मुलांनी गाण्याच्या तासाला पेटीजवळ बसायला नकार दिला! तू उद्यापासून शिकवायला बसायचं नाहीस."

"मग रविवारी ती वाजवणार काय? पियानो गेला तर? मी तिला कायमचा म्हणून सांगितलंय!"

माझा आवाज फाटला. बायकोने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही, पण काय ते कळलं नाही. म्हणाली, "बघू."

बघू म्हणजे काय? मी तर रात्रंदिवस तेच बघत होतो! जेवताना, आंघोळ करताना, कारखान्यात भाषण देताना एकच दृश्य. हमाल पियानो खाली नेताहेत, भिंगरी त्याच्या पायाला धरून फरफटत चालली आहे, आणि वरच्या पायरीवर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. माझी झोप उडाली, भूक गेली. ज्याने लोकांना संकटातून वाचवायचं, त्यानेच आपल्या पोरीच्या मनात बागुलबुवा बसवला! कुणाला सांगायची सोय नव्हती.

बघता बघता तो रविवार उजाडला. बायको सासूबाईंना आणायला स्टेशनवर गेली. जाताना बजावून गेली, "पियानोला हात लावू नकोस. भिंगरीला काही शिकवू नकोस. आंघोळ कर आणि गप्प बस." मी झाकण दोरीने खिडकीच्या गजाला करकचून बांधलं, ओढून पाहिलं, पुन्हा एक गाठ मारली. भिंगरी चित्रं रंगवत बसली होती. अगदी शहाण्यासारखी. मी आंघोळीला गेलो.

अंगाला साबण लावतोय न लावतोय तोच आवाज आला.

धाड!

आणि मग काहीच नाही. रडणं नाही, ओरडणं नाही. मंडळी, मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला त्या गप्प बसण्याची भीती वाटते. जो ओरडतो तो बरा असतो! मी टॉवेल गुंडाळला आणि तसाच ओल्या पायांनी घसरत, भिंतीला धरत बाहेर धावलो.

भिंगरी पियानोसमोर उभी होती. दोन्ही हात पाठीमागे. चेहरा पांढराफटक. आणि पांढऱ्या पट्ट्यांवर लाल! इथे एक थेंब, तिथे एक, पलीकडे लांबलचक ओघळ. लालभडक आणि ओलं!

"भिंगरी! हात दाखव!"

"नको."

"हात दाखव बाळा, मी काही करत नाही!"

"नको, तू घाबरशील!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कान गच्च झाले. खोली एका बाजूने हळूच वर उचलली जाऊ लागली. कारखान्यात रक्त दिसलं तर काय करायचं यावर मी तासभर बोलू शकतो. पहिला मुद्दा आहे, शांत राहा. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत मी पोचलोच नाही. आडवा झालो!

शुद्धीवर आलो तेव्हा कानात भोंगा वाजत होता. इमारतीचा! तो धोक्याचा भोंगा लावून घ्यायला मीच सगळ्यांच्या मागे लागलो होतो. डोळ्यांसमोर दंतवैद्यबाईंचा चेहरा होता. त्या माझे गाल थोपटत होत्या.

"बोटं!" मी कसाबसा म्हणालो, "किती बोटं?"

त्यांना वाटलं, डोक्याला मार लागलाय आणि मी स्वतःच तपासून घेतोय. त्यांनी हाताची दोन बोटं माझ्यासमोर धरली. "दोन! दिसताहेत ना? दोन!"

दोनच उरली! मी पुन्हा आडवा झालो.

दुसऱ्यांदा डोळे उघडले तेव्हा बाई मला काखेत धरून जिन्यावरून खाली नेत होत्या. "भोंगा वाजला की आत कुणी थांबायचं नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तुमचाच नियम आहे!" माझ्या उघड्या अंगावर कुणीतरी कारखान्याचं चमकदार पिवळं जाकीट घातलं होतं. खाली टॉवेल. मी म्हणत होतो, "भिंगरी कुठाय? माझी भिंगरी कुठाय?"

भिंगरी अंगणात होती. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात माझी शिट्टी. आणि तिच्यासमोर सबंध इमारत रांगेत उभी! खालचे वकीलसाहेब अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन उभे होते. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई अर्धवट शिवलेली बाही हातात धरून उभी होती. भिंगरी एकेकाला बोट लावून मोजत होती.

बोट लावून! मी ती बोटं बघितली. एक, दोन, तीन... सगळी होती! दोन्ही हातांची, टोकापर्यंत लाल, पण सगळी! मी तिथेच फरशीवर बसलो आणि मोठमोठ्याने रडायला लागलो. लाज वाटायला हवी होती, पण मला इतकं बरं वाटत होतं की लाज कुठल्या कुठे पळाली.

नेमकी तेव्हाच फाटकाशी टॅक्सी थांबली. आधी बायको उतरली. मग सासूबाई उतरल्या. त्यांनी भोंगा ऐकला, रांग पाहिली, वकीलसाहेबांचा गाल पाहिला आणि शेवटी टॉवेलमधला जावई पाहिला.

"काय चाललंय इथे?"

भिंगरी टाचा जुळवून उभी राहिली. "आजी, बाबा जखमी! बाकी सगळे हजर!"

"आणि हातांना काय लागलंय गं तुझ्या?"

"आईचं नेलपॉलिश."

बायकोने कपाळाला हात लावला. कुणीतरी जाऊन भोंगा बंद केला. मग भिंगरी सगळ्यांसमोर सांगायला लागली. "बाबाच्या कारखान्यात धोक्याच्या जागी लाल रंग लावतात. म्हणून मी पियानोला लावला. मग बाबा येईल म्हणून पटकन उठले, तर स्टूल पडलं. धाड झालं."

"अगं पण कुठल्या पट्ट्या धोक्याच्या? कुणी सांगितलं तुला?" मी नाक पुसत विचारलं.

"ज्या वाजवल्या की तू 'सांभाळ!' म्हणतोस त्या. तुला कळावं म्हणून. लाल आली की तू डोळे मिटायचे. मग तुला भीती नाही वाटणार."

"मला? अगं, भीती तुला वाटते ना? तू अंगठ्याने वाजवतेस!"

भिंगरीने आईकडे बघितलं. बायको जमिनीकडे बघायला लागली.

"मी सगळ्या बोटांनी वाजवते," भिंगरी म्हणाली, "तू कारखान्यात गेलास की. आईबरोबर. तू असलास की नाही वाजवत. तुझा चेहरा असा होतो."

आणि तिने तो चेहरा करून दाखवला. तोंड वाकडं, डोळे बाहेर, ओठ थरथरताहेत. शिंपीणबाई खुदकन हसली. वकीलसाहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं. मला मात्र एकदम ते शाळेतलं चित्र आठवलं. कोपऱ्यातला रडणारा माणूस. पोरगी पियानोला घाबरली नव्हती, मंडळी. पोरगी माझ्यासाठी घाबरत होती!

"मला सांगायचंस तरी!" मी बायकोला म्हणालो.

"सांगणारच होते रे. पण तू म्हणाला असतास, मी ऐकायला बसतो. की झालं! आणि मलाही कुठे माहीत होतं मी तिच्याबरोबर बसेन म्हणून? पहिल्या दिवशी नुसती पट्ट्या पुसत होते, तर ही येऊन शेजारी बसली. पाठ दुखली नाही माझी, काय सांगू!"

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. आता त्या म्हणणार, हे घर पियानोच्या लायकीचं नाही. आता जुळ्यांना फोन जाणार. त्या भिंगरीसमोर वाकल्या, तिची लाल बोटं हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "बोटं लांब आहेत. चल वर. सगळ्यांनी चला, ऐकायला या. जावईबापू सोडून."

"आई, पण मी..."

"तुम्ही इथेच उभं राहायचं. पोरीचे हात मोकळे राहिले पाहिजेत."

सगळे वर गेले. वकीलसाहेब फेसासकट गेले! मी एकटा अंगणात राहिलो, टॉवेल आणि पिवळ्या जाकिटात. फाटकाबाहेरून जाणारे लोक बघत होते. मला कशाचीच पर्वा नव्हती. मी आमच्या खिडकीकडे मान वर करून उभा होतो. ती विसरली तर? रडली तर? गाठ सुटली तर?

मग आवाज आला. आधी एक हात. छोटंसं, सरळसाधं गाणं, कुठेही न अडखळता. नंतर त्याखाली दुसरा हात आला. एकदा चुकला, थांबला. माझा श्वासही थांबला. पण तिने तेवढंच पुन्हा घेतलं आणि पुढे निघाली. दोन्ही हात! मी खाली एकटाच मान हलवत होतो. एकाही पट्टीला 'सांभाळ' म्हणालो नाही, देवाशपथ! म्हणावंसंही वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक, मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांचा "वाहवा!" ऐकू आला. सासूबाईंचा आवाजही आला, "तुझाच गं तो, तुझाच!" माझे डोळे पुन्हा भरून आले. आणि मग भिंगरी धावत गॅलरीत आली. कठड्याला पोट टेकवून ती खाली वाकली, दोन्ही लाल हात हलवले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा! बाबा, ऐकलंस का? कसं झालं?"

पोरगी एवढी वाट बघत होती त्या उत्तराची. आणि मी काय म्हणालो?

"आधी कठड्यापासून मागे हो!"